अतिसंवाहकाच्या पोटात सोडलेला भोवरा

आलेख अगदी साधा आहे. आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर एक आकडा. उबेकडून थंडीकडे येत गेलं की ठिपके एका आडव्या रेषेत निमूट उभे असतात. दीड केल्विनच्या आसपास, म्हणजे उणे 271 अंश सेल्सिअसच्याही खाली, ते वर चढू लागतात. चढ लहानच आहे. पण स्ट्रॉन्शियम रुथेनेट नावाच्या स्फटिकाचा हा आलेख 1998 साली ‘नेचर’मध्ये आला आणि त्या लहानशा चढाचा अर्थ काय, यावर पाव शतक उलटून गेलं तरी एकमत नाही.

हा चढ टिपला म्यूऑन नावाच्या कणांनी. ते जगतात सरासरी 2.2 मायक्रोसेकंद, सेकंदाचे दहा लाख तुकडे केले तर त्यातले जेमतेम सव्वादोन. एवढ्या अल्पायुषी कणाला टोपोलॉजिकल अतिसंवाहकाबद्दल काय कळतं आणि काय कळत नाही, ते इथे पाहू. ‘काय कळत नाही’ हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण बातम्यांत नेमका तोच गाळला जातो.

आधी अतिसंवाहक. 1911 मध्ये लायडनला कामरलिंग ओनेस यांनी पारा थंड करत नेला आणि 4.2 केल्विनपाशी त्याचा विद्युतरोध एकाएकी नाहीसा झाला. का, याचं उत्तर मिळायला 1957 उजाडलं. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी दाखवलं की अशा धातूत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात आणि सगळ्या जोड्या एका तालात चालतात. जोडी मोडायची तर काही किमान ऊर्जा मोजावी लागते. या किमान किमतीला गॅप म्हणतात. हा शब्द पुढे सारखा लागणार आहे.

जोडी जमण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या. मंगळागौरीची फुगडी डोळ्यांपुढे आणा. दोघी हात धरून नुसत्या उभ्या आहेत, गिरकी नाही: पारा, शिसं, ॲल्युमिनियम यांतल्या जोड्या अशा असतात. दोघी पाय जुळवून गरगर फिरतायत: ही जात वेगळी, दुर्मिळ. आता अंगणभर शेकडो फुगड्या चालल्या आहेत आणि झाडून सगळ्या घड्याळाच्याच दिशेने फिरतायत असं समजा. त्याचा व्हिडिओ उलटा चालवला तर सगळ्या फुगड्या उलट दिशेने फिरताना दिसतील. ते दृश्य मूळचं नाही. नुसत्या उभ्या जोड्यांचा व्हिडिओ सुलटा चालवा की उलटा, फरक कळणार नाही. एका दिशेने फिरणाऱ्या अंगणाबद्दल भौतिकशास्त्रज्ञ म्हणतात की तिथे काळ उलटवण्याची सममिती मोडली.

इलेक्ट्रॉनवर विद्युतभार असतो, आणि भार गोल फिरला की चुंबकीय क्षेत्र आलंच. पण शेजारशेजारच्या दोन फुगड्या जिथे एकमेकींना घासून जातात तिथे त्यांची चाल परस्परविरुद्ध असते, त्यामुळे अंगणाच्या मधल्या भागात सगळं एकमेकांत फिटतं. शिल्लक राहतं ते कडेला, किंवा जिथे रचना बिघडली आहे तिथे: स्फटिकातला एखादा दोष, एखादा उपरा अणू, किंवा एका दिशेच्या फुगड्यांचा पट्टा संपून उलट दिशेच्या सुरू होतात ती सीमा. हे शिल्लक क्षेत्र गॉसच्या अंशांत मोजावं लागतं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण अर्धा गॉस असतं, यावरून काय ते समजा.

टोपोलॉजी, म्हणजे ओढलं-ताणलं तरी न बदलणाऱ्या आकारगुणांचं गणित, हा शब्द आला की मेदूवडा पुढे करायची पद्धत आहे. मला पिशवीचा बंद जास्त उपयोगी वाटतो. कापडी पिशवी शिवताना बंदाला नकळत एक पीळ पडतो आणि तो तसाच शिवला जातो. नंतर बंद ओढा, चुरगळा, इस्त्री करा. पीळ इकडचा तिकडे सरकेल, पण जाणार नाही. काढायचा तर टाके उसवावे लागतात. काही पदार्थांत इलेक्ट्रॉनांच्या क्वांटम अवस्थांमध्ये असा पीळ बसलेला असतो, आणि त्यांच्या बाबतीत टाके उसवणं म्हणजे गॅप बंद होणं. आता गंमत अशी की पदार्थाच्या बाहेर, हवेत किंवा निर्वातात, कुठलाच पीळ नाही. आत पीळ, बाहेर सरळ. मग मधल्या सीमेवर कुठेतरी टाके उसवलेले असलेच पाहिजेत. म्हणून टोपोलॉजिकल अतिसंवाहकाच्या पोटात गॅप असतो, पण पृष्ठभागावर, कडेला किंवा टोकाला शून्य ऊर्जेच्या अवस्था हटकून सापडतात. त्या टाळता येत नाहीत.

या अवस्थांना मायोराना अवस्था म्हणतात. एत्तोरे मायोराना या इटालियन शास्त्रज्ञाने 1937 मध्ये असा कण सुचवला जो स्वतःच स्वतःचा प्रतिकण असेल. पुढच्याच वर्षी पालेर्मोहून नेपल्सकडे जाणाऱ्या बोटीच्या प्रवासात तो गायब झाला, तो कायमचाच. या अवस्थांतून न बिघडणारा क्वांटम संगणक बनवता येईल या आशेवर भरपूर पैसा लागलेला आहे. मायोराना दिसल्याचा गाजावाजा झालेला 2018 चा एक शोधनिबंध 2021 मध्ये मागे घ्यावा लागला, तेव्हा इथे हात राखून बोललेलं बरं.

आता आपला कण. म्यूऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा 207 पट जड भाऊ. 1936 मध्ये अँडरसन आणि नेडरमायर यांना तो वैश्विक किरणांत सापडला, आणि त्याचं कुणाला काही काम नसल्यामुळे भौतिकशास्त्रज्ञ राबी यांनी विचारलं म्हणे, ‘हे कोणी ऑर्डर केलं होतं?’ वरून येणारे म्यूऑन आत्ताही तुमच्या तळहातातून सेकंदाला एखाद-दुसरा या हिशेबाने आरपार जात आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची मंडळी याच कणांच्या मागावर कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोल उतरली होती. स्फटिक तपासायला मात्र हे आकाशातले म्यूऑन चालत नाहीत. ते फार वेगवान आणि फार थोडे. ते कारखान्यात बनवावे लागतात, आणि तसे कारखाने जगात मोजके आहेत: इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरला आयसिस, स्वित्झर्लंडमध्ये फिलिगेनला पॉल शेरर संस्था, कॅनडात व्हँकुव्हरला ट्रायम्फ, जपानमध्ये तोकाईला जे-पार्क. भारतात नाही. आपल्याकडचे संशोधक वेळ मागतात, मिळाला की नमुने घेऊन विमानात बसतात.

कारखान्यात प्रोटॉनांचा झोत ग्रॅफाइटच्या तुकड्यावर आदळतो. त्यातून पायॉन नावाचे अल्पायुषी कण निघतात, आणि जे पायॉन ग्रॅफाइटच्या कातडीतच थांबतात ते 26 नॅनोसेकंदांत मोडून म्यूऑन देतात. पायॉनला स्वतःचा स्पिन, म्हणजे कणाची अंगभूत गिरकी, नसतो आणि सोबत निघणारा न्यूट्रिनो नावाचा कण नेहमी डावखुराच असतो, म्हणजे त्याचा स्पिन त्याच्या चालीच्या उलट रोखलेला असतो. त्यामुळे बाहेर पडणाऱ्या प्रत्येक म्यूऑनचा स्पिन त्याच्या चालीच्या बरोबर उलट दिशेने रोखलेला असतो. सगळ्यांचा. इतर तंत्रांत स्पिन एका दिशेला वळवण्यासाठी मोठाले चुंबक आणि कडाक्याची थंडी लागते. इथे निसर्गच ते फुकट करून देतो.

धन भाराचा म्यूऑन नमुन्यात शिरतो, मिलिमीटरच्या काही अंशांवर थांबतो आणि अणूंच्या मधल्या मोकळ्या जागेत बसतो. तिथे चुंबकीय क्षेत्र असेल तर त्याचा स्पिन कलत्या भोवऱ्यासारखा त्या क्षेत्राभोवती फिरू लागतो. एक गॉस क्षेत्रात सेकंदाला साधारण 13,550 फेऱ्या. आयुष्य 2.2 मायक्रोसेकंदांचं, म्हणजे तेवढ्यात फेरीचा तिसाव्यापेक्षाही लहान हिस्सा, जवळपास अकरा अंश. अर्ध्या गॉसमध्ये पाच-साडेपाच अंश. मग तो मोडतो आणि एक पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धन भाराचा प्रतिकण, बाहेर फेकतो. कुठल्या दिशेला? मरताना स्पिन जिकडे रोखलेला होता, जास्त करून तिकडे. हे ‘जास्त करून’ 1957 मध्ये गार्विन, लेडरमन आणि वाइनरिक यांनी पहिल्यांदा मोजलं आणि त्याच निबंधात सुचवलं की हा कण पदार्थाच्या आतली चुंबकीय क्षेत्रं मोजायला कामी येईल. ज्याला कोणी मागवलं नव्हतं त्याला वीस वर्षांत नोकरी लागली.

नमुन्याच्या पुढे आणि मागे पॉझिट्रॉन मोजणारी उपकरणं लावतात. पुढे किती, मागे किती, फरक किती, तो वेळेनुसार कसा घटतो, बस. एका तापमानासाठी काही कोटी पॉझिट्रॉन मोजायचे, तापमान बदलायचं, पुन्हा मोजायचं. रात्रपाळीचं काम आहे.

सगळ्यात नाजूक प्रयोग असतो शून्य क्षेत्रातला. बाहेरचं काहीही नको, पृथ्वीचंही नको, म्हणून नमुन्याभोवती तिन्ही दिशांनी तारांच्या वेटोळ्यांच्या जोड्या लावून पृथ्वीचं क्षेत्र पुसून टाकतात. नमुना चिकटवतात चांदीच्या पट्टीवर. छोटे स्फटिक असतील तर चायना-मोझॅकच्या फरशीसारखे एकाला एक लावून, सगळ्यांची दिशा जुळवून, पातळ वॉर्निशने बसवतात. चांदी श्रीमंती म्हणून नव्हे: चांदीच्या अणुकेंद्रांचं चुंबकत्व इतकं क्षीण असतं की नेम चुकून पट्टीत घुसलेला म्यूऑन तिथे जवळपास स्तब्ध राहतो आणि आपल्या मोजणीत लुडबूड करत नाही.

नमुन्यातली अणुकेंद्रं मात्र गप्प नसतात. त्यांच्या इवल्या चुंबकांमुळे प्रत्येक म्यूऑनला थोडं वेगळं क्षेत्र लागतं, आणि सुरुवातीला एका दिशेला रोखलेले स्पिन हळूहळू पांगतात. ही पांगापांग अतिसंवाहक अवस्थेच्या वरही असते, खालीही असते. म्हणून युक्ती एवढीच: जोड्या जमण्याच्या तापमानाच्या वरचा आलेख आणि खालचा आलेख एकावर एक ठेवायचे. तंतोतंत बसले, तर पोटात नवीन काही उगवलं नाही. खालचा थोडा जास्त वेगाने उतरला, आणि तो वेग (सुरुवातीच्या आलेखात उभ्या अक्षावर होता तो आकडा हाच) बरोबर त्याच तापमानापासून वाढायला लागला, तर जोड्या जमताना आत कुठूनतरी चुंबकीय क्षेत्र निर्माण झालं. बाहेरून कोणी दिलेलं नाही. मग फुगड्या फिरत असणार. खातरजमा म्हणून स्पिनच्याच दिशेने शंभरेक गॉसचं क्षेत्र लावतात. पांगापांग थांबली तर आतलं क्षेत्र स्थिर होतं, थरथरणारं नव्हतं.

स्ट्रॉन्शियम रुथेनेटमधली अतिसंवाहकता योशितेरू माएनो आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये शोधली. 1998 मध्ये दोन पुरावे हातात आले. एक म्यूऑनचा चढ. दुसरा अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाचा, म्हणजे एमआरआय ज्या तत्त्वावर चालतं त्याच तत्त्वाचा, आणि त्यातून दिसलं की जोडीतले स्पिन समांतर आहेत. दोन्ही पुरावे एकाच चित्रात चपखल बसले: एकाच दिशेने फिरणाऱ्या फुगड्या, समांतर स्पिन, म्हणजे टोपोलॉजिकल अतिसंवाहक. पाठ्यपुस्तकांत उदाहरण म्हणून हे नाव छापलं गेलं. 2006 मध्ये परावर्तित प्रकाशाच्या ध्रुवीकरणाची दिशा किती वळली ते मोजणाऱ्या प्रयोगानेही म्यूऑनची री ओढली.

आणि 2019 मध्ये दुसरा पुरावा कोसळला. अनुस्पंदनासाठी जे रेडिओ-स्पंद सोडतात त्यांनीच स्फटिक तापत होता. मोजमापाच्या क्षणी तो अतिसंवाहक उरतच नव्हता. स्पंद मंद केले तेव्हा स्पिन समांतर नसल्याचं दिसलं. वीस वर्षं जगभरातल्या प्रयोगशाळा त्या आकड्यावर विसंबून होत्या! म्यूऑनचा चढ मात्र जागच्या जागी आहे. 2021 मध्ये पॉल शेरर संस्थेत स्फटिक एका दिशेने दाबून तोच प्रयोग केला, तेव्हा दोन तापमानं वेगळी झाली: जोड्या जमतात एका तापमानाला, क्षेत्र उगवतं त्याच्याखाली दुसऱ्या तापमानाला. म्हणजे दोन अवस्थांची गाठ आहे असं म्हणावं, तर तशाच दाबाखाली उष्णताधारकता अत्यंत बारकाईने मोजणाऱ्यांना दुसऱ्या तापमानाला काहीच खूण सापडली नाही. इथे येऊन गाडी थांबली आहे.

माझं मत विचाराल तर यात म्यूऑनची चूक नाही, आपल्या घाईची आहे. म्यूऑन सांगतो एवढंच की आत क्षेत्र आहे. ते फुगड्यांमुळे आहे, की एखाद्या दोषाभोवती दोन वेगळ्या जोड्यांच्या मिसळीतून आलंय, हे तो सांगत नाही. पीळ आहे की नाही, हे तर त्याला विचारलेलंच नसतं. काळ उलटवण्याची सममिती न मोडताही टोपोलॉजिकल अतिसंवाहक असू शकतो, आणि ती मोडली म्हणून पीळ असेलच असं नाही. शिवाय म्यूऑन स्वतः धन भाराचा पाहुणा. ज्या जागी बसतो तिथले अणू थोडे बाजूला सारतो. त्याला दिसलेलं अंगण तो बसण्यापूर्वीही अगदी तसंच होतं का, हे आता संगणकावर त्याची बसण्याची जागा काढून तपासतात.

ऱ्हेनियमची गोष्ट याच जातीची. रवी प्रकाश सिंग आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये ऱ्हेनियम आणि झिर्कोनियमच्या एका संयुगात म्यूऑनने असाच चढ दाखवला. या संयुगाच्या स्फटिकाला मध्याभोवतीची सममिती नसते, म्हणजे मध्यबिंदूतून उलटवला तर तो तसाच दिसत नाही, तेव्हा कारण तिथेच असणार असं वाटणं साहजिक होतं. 2018 मध्ये शुद्ध ऱ्हेनियम तपासला गेला. त्याच्या स्फटिकात ती सममिती शाबूत आहे, आणि चढ तिथेही निघाला. स्फटिकाच्या रचनेवर बांधलेला तर्क ढिला पडला, संशय खुद्द ऱ्हेनियमवर गेला.

युरेनियम डायटेल्युराइडचं उलट झालं. 2019 मध्ये अतिसंवाहक म्हणून जाहीर झालेला हा पदार्थ सध्याचा लाडका उमेदवार आहे, कारण त्याची अतिसंवाहकता दहा-दहा टेस्लाच्या (एक टेस्ला म्हणजे दहा हजार गॉस) क्षेत्रांना पुरून उरते, आणि समांतर स्पिनांच्या जोड्यांना ते शोभतं. प्रकाशाच्या प्रयोगांनी सममिती मोडल्याचं सांगितलं होतं. सुरुवातीच्या म्यूऑन-प्रयोगांत नमुन्यांमधलं अशुद्ध चुंबकत्वच एवढं गडबड करत होतं की बारीक आवाज ऐकूच येईना. मग वितळलेल्या क्षारांत वाढवलेले नितळ स्फटिक आले, आणि 2023 च्या निबंधात म्यूऑननी स्पष्ट सांगितलं: उगवलेलं क्षेत्र नाही. वरचा आलेख, खालचा आलेख, तंतोतंत एकावर एक. अशा नकाराची बातमी होत नाही, पण कितीतरी सिद्धांत एका झटक्यात बाद होतात.

म्यूऑनचा दुसरा उपयोग कमी भांडणाचा आहे. बाहेरून पुरेसं क्षेत्र लावलं की ते बऱ्याच अतिसंवाहकांत भोवऱ्यांच्या रूपाने शिरतं. (आधीचा भोवरा दोरीचा, हा नदीतला, मराठीने दोघांना एकच नाव दिलंय, माझा इलाज नाही.) भोवऱ्याच्या गाभ्यात क्षेत्र जास्त, दोन भोवऱ्यांच्या मध्ये कमी. ठिकठिकाणी बसलेल्या म्यूऑनांच्या स्पिनांची पांगापांग यावरून क्षेत्र किती असमान आहे ते कळतं, त्यावरून जोड्यांची घनता निघते. तापमान शून्याकडे नेताना ही घनता सपाट राहिली तर गॅप सगळ्या दिशांना शाबूत आहे. सरळ रेषेत वाढतच राहिली तर गॅप काही दिशांना पूर्ण मिटलेला आहे. तांब्याच्या ऑक्साइडांवर आधारलेल्या अतिसंवाहकांत अशी सरळ रेषा मिळाली होती. पोटात गॅप शाबूत असणं ही पिळाच्या सगळ्यात सोप्या चित्राची पहिली अट, म्हणून हे मोजमाप आधी होतं.

पण खरा ऐवज तर पृष्ठभागावर, आणि साधा म्यूऑन पृष्ठभाग ओलांडून खोल जातो. त्यावर पॉल शेरर संस्थेने काढलेला उपाय मला फार आवडतो. चांदीच्या पातळ पत्र्यावर आर्गॉन वायू गोठवून त्याचा थर देतात आणि म्यूऑन त्यातून जाऊ देतात. बहुतेक तसेच निघून जातात. दहा हजारांत एखादा दमून जवळजवळ थांबलेला बाहेर पडतो, आणि तरी त्याचा स्पिन जागेवर असतो. या दमलेल्यांना विजेच्या दाबाने हवा तेवढा वेग देऊन पृष्ठभागापासून काही नॅनोमीटर ते दोनेकशे नॅनोमीटर खोलीवर नेमकं पेरता येतं.

स्ट्रॉन्शियम रुथेनेटवर हा प्रयोग झाला आहे. 2021 मध्ये कळलं की त्याच्या पृष्ठभागालगत खरोखरच एक क्षीण, स्थिर चुंबकत्व आहे. फक्त ते सुरू होतं 50 केल्विनच्याही वर, जोड्या जमण्याच्या तापमानाच्या तीस पटींहून वर, आणि फुगड्यांशी त्याचा संबंध नाही. त्या कातडीत फुगड्यांच्या कडेचं क्षेत्र शोधू पाहणाऱ्याला आता आधी हे वजा करावं लागतं.